समुद्र आमच्या धार जिल्ह्यात आला होता

इंदूरच्या मराठी घरात पाहुणे आले की त्यांना कुठे फिरवायचं हे ठरलेलंच असतं. मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर, फार तर उज्जैन. बाघचं नाव निघालं तर ते साडीच्या नाहीतर दुपट्ट्याच्या निमित्ताने. ते गाव इथून दीडशे-एकशे साठ किलोमीटरवर आहे, आणि तिथल्या वालुकाश्मात समुद्राच्या खुणा आहेत, याचं वेड आमच्या घरात एकट्या मामांना. मामांनी आयुष्यभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं. 'नर्मदेच्या खोऱ्यात शार्क होते' हे वाक्य आमच्या प्रत्येक लग्नकार्यात त्यांनी कुणा ना कुणा व्याह्याला ऐकवलेलं आहे. जानेवारीत सलग सुट्टी आली, तेव्हा मामींनीच फर्मान काढलं, "एकदाचे दाखवा तुमचे ते शार्क, आणि विषय संपवा."

मामा, मामी, आम्ही दोघं आणि आठवीतली लेक असे निघालो.

शुक्रवार : इंदूर, धार, बाघ

धारपर्यंतचा रस्ता सगळ्यांच्या ओळखीचा. पोहे घरूनच खाऊन निघालो होतो, तरी धारला चहाबरोबर कचोरी झालीच. धारनंतर टांड्याच्या रस्त्याला लागलं की माळव्याचं पठार संपायला लागतं. उतार सुरू होतो, काळी जमीन मागे पडते आणि ताडाची झाडं दिसू लागतात. बऱ्याच झाडांना मडकी बांधलेली. जावईबापूंनी, म्हणजे आमच्या नवऱ्याने, ताडीची चौकशी केली. मामींनी ती ऐकली नाही असं दाखवलं.

मामा पुढच्या सीटवर बसून खिडकीतून खडक वाचत होते. माळव्याचं पठार म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा काळा पाषाण, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. बाघकडे उतरताना आपण त्या लाव्ह्याच्या खाली जातो. त्याच्या पोटात लामेटाचे थर आहेत, ज्यांत डायनासोरची अंडी सापडतात. त्याखाली समुद्राचे चुनखडक, आणि सगळ्यांत तळाशी निमाड वालुकाश्म. "गाडी खाली उतरतेय तसे आपण मागच्या काळात चाललोय," मामा म्हणाले. लेकीने कानातले इअरफोन काढले. ही मोठीच गोष्ट होती.

बाघला पोचेपर्यंत आभाळ भरून आलं आणि मावठं सुरू झालं. जानेवारीतला असा पाऊस गव्हाला चांगला म्हणतात, पण बाघमध्ये सगळ्यांचे चेहरे उतरले होते. कारण छपाई. बाघिनी नदीच्या काठी आम्ही ज्या खत्री कारागिरांच्या कारखान्यात गेलो, तिथे दोऱ्यांवरचं अर्धवट वाळलेलं कापड आत ओढायची धावपळ चालली होती. मदतीला आम्हीही लागलो. ओळख व्हायला यापेक्षा बरा मार्ग नाही.

मग चहा आला आणि म्हाताऱ्या चाचांनी सगळं दाखवलं. कोरं कापड आधी संचोरा नावाचं मीठ, एरंडेल आणि बकरीच्या लेंड्या कालवलेल्या पाण्यात तुडवतात, वाळवतात. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवलं की ते पिवळट होतं. काळा रंग गंजलेल्या लोखंडापासून येतो. तांबड्यासाठी तुरटी आणि चिंचोक्याची खळ. छापलेलं कापड काही दिवस तसंच ठेवायचं, मग वाहत्या नदीत धुवायचं आणि तांब्याच्या कढईत धावडीच्या फुलांसह उकळायचं. तांबडा खरा उठतो तो त्या कढईत. "पानी दूसरा हो तो लाल ऐसा नहीं आता," चाचा म्हणाले. बाघिनीच्या पाण्यातल्या खनिजांमुळे रंग खुलतो असं इथे सगळेच सांगतात. या खत्रींचे पूर्वज मूळचे सिंधमधले, मारवाडमार्गे इकडे आलेले. बाघ प्रिंटला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. पावसाच्या दिवसांत काम मात्र आजही आभाळावरच अवलंबून.

मामींनी चमेलीच्या छापाची चादर घेतली. भाव केला नाही. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतेय.

राहायची सोय बाघमध्ये तुटपुंजी आहे. आम्ही कुक्षीला मुक्काम केला, अठरा-वीस किलोमीटरवर. खोली ठीक, गरम पाणी बादलीने. एटीएम आणि पेट्रोल कुक्षीतच उरकून घ्यावं. पुढे मोबाइलला रेंज येते-जाते, तेव्हा ऑनलाइन पैशांवर विसंबू नका.

शनिवार : गुंफा

रात्रभर रिमझिम होती. सकाळी थांबली, पण थंडी अशी की मामांनी माकडटोपी चढवली आणि ती मग दिवसभर काढली नाही.

बाघच्या गुंफा गावापासून सहा-सात किलोमीटरवर, बाघिनीच्या पल्याड एका कड्यात आहेत. पुलावरून चालत जायचं आणि पायऱ्या चढायच्या. पायऱ्या फार नाहीत, मामींचे गुडघे टिकले. एकूण नऊ गुंफा, बौद्ध विहार, साधारण चौथ्या ते सहाव्या शतकातले. त्यांतल्या बऱ्याच ढासळल्या आहेत. नीट बघण्यासारख्या दुसरी, तिसरी, चौथी आणि पाचवी. दुसरीला इथले लोक पांडव गुंफा म्हणतात, कारण आतल्या बुद्ध आणि बोधिसत्त्वांच्या मूर्ती त्यांच्या लेखी पांडवांच्या. चौथी म्हणजे रंगमहाल.

पाऊस पडून गेल्यावर या गुंफा बघाव्यात असं मी आता सगळ्यांना सांगते. कोरड्या दिवसांत खांब नुसते तपकिरी दिसत असणार. ओला झालेला वालुकाश्म मात्र आपल्या सगळ्या रेघा दाखवतो. दुसऱ्या गुंफेच्या बाहेरच्या भिंतीवर बोटभर जाडीचे तिरपे पट्टे होते, एकाच दिशेला कललेले. त्यांच्यावर आडवी रेघ, आणि त्या रेघेवर पुन्हा तिरपे पट्टे, थोडे वेगळ्या कलाचे. मामांनी भिंग लेकीच्या हातात दिलं. वाळूचे कण सुटे सुटे दिसत होते, काही साखरेएवढे, मध्येच एखादा ज्वारीच्या दाण्याएवढा गोटा. "पाणी वाळू ढकलत नेतं तेव्हा ती उतारावर अशी तिरपी बसते," मामा म्हणाले. "पट्टे जिकडे उतरतात तिकडे प्रवाह जात होता. ही नदी होती. बाघिनी नव्हे, तिच्या कोट्यवधी वर्षं आधीची."

म्हणजे समुद्र अजून आलेला नव्हता. निमाड वालुकाश्माचा खालचा भाग नद्यांनी आणलेला, आणि वर वर जावं तसा खाडीचा, मग किनाऱ्याचा. साधारण १० ते ९ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्र नर्मदेच्या खचलेल्या पट्ट्यातून आत शिरला, पार इथवर. वरच्या थरांत कोळंबीच्या जातीच्या प्राण्यांनी वाळूत केलेली बिळं दगड होऊन राहिली आहेत, कालवांच्या शिंपल्यांचे थर आहेत, शार्कचे दात सापडले आहेत. लेकीने लगेच दात शोधायला सुरुवात केली. ते दात बहुतेक काही मिलिमीटरचे असतात आणि माती चाळून चाळून मिळवावे लागतात, हे मामांनी तिला बऱ्याच उशिरा सांगितलं. मामी म्हणाल्या, "एवढुशा दातांसाठी मी तीस वर्षं भाषणं ऐकली?"

आत गेलो तर छतातून ठिबकत होतं. चौकीदार म्हणाला, "ऊपर से नहीं टपकता साब, पत्थर में से आता है." मामांनी त्याच्याकडे अशा कौतुकाने पाहिलं की वर्गात कुणाकडे पाहिलं नसेल. खरं म्हणजे बाघचं सगळं दुखणं त्या एका वाक्यात आहे. वालुकाश्म कोरायला सोपा, म्हणून भिक्षूंनी हा कडा निवडला आणि एवढाली दालनं खोदली. पण तो पाणी पितो. त्याच्या डोक्यावर मातकट दगडाचा जाड थर आहे, तो भिजला की जड होतो. खालची छतं त्या ओझ्याने बसत गेली. दुसऱ्या गुंफेत मधोमध चार जादा खांब आहेत. ते कोरणाऱ्यांनीच ठेवलेले, म्हणजे धोका त्यांनाही कळला होता. आता पुरातत्त्व खात्याने ठिकठिकाणी सिमेंटचे थोराड खांब उभे केलेत. दिसतात वाईट, पण ते नसते तर आपण आत उभेही राहू शकलो नसतो, त्यामुळे मी तक्रार करणार नाही.

याच दुसऱ्या गुंफेचा मलबा गेल्या शतकात उपसताना माहिष्मतीच्या सुबंधू राजाचा ताम्रपट मिळाला. विहाराचं नाव त्यात 'कलयन' असं आहे. राजाने दिलेलं दान कशासाठी? बुद्धाच्या पूजेसाठी, भिक्षूंच्या अन्नवस्त्रासाठी, औषधासाठी, आणि विहाराच्या मोडक्या-फुटक्या भागांच्या दुरुस्तीसाठी. माहिष्मती म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आपलं महेश्वर. तेव्हाही इथे डागडुजी चालूच होती.

रंगमहालात मामींचा दिवस होता. मामींचं माहेर ग्वाल्हेरचं, तिथल्या लष्कर भागातलं, आणि बाघ हे संस्थानी काळात शिंद्यांच्या ग्वाल्हेर राज्यात होतं. त्यामुळे पहिल्यापासूनच "हे आमचंच" असा त्यांचा पवित्रा. चौथ्या आणि पाचव्या गुंफेपुढे एक सलग ओसरी होती, सुमारे २२० फूट लांब. तिचं छत कोसळलं, आणि सगळ्यांत सुंदर चित्रं नेमकी तिच्या मागच्या भिंतीवर, ऊन-पावसात उघडी. सच्छिद्र दगडावर थेट रंगवता येत नाही, म्हणून आधी मातीचा जाड गिलावा, त्यावर चुन्याचा हात, मग रंग. भिंतीतून ओल आली की गिलाव्यासकट चित्र सुटतं. १९२१ च्या सुमारास नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि इतर चित्रकारांनी इथे बसून नकला केल्या. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते मोरेश्वर बळवंत गर्दे. त्या नकला गुजरी महालातल्या संग्रहालयात लागल्या, आणि मामींनी त्या शाळेच्या सहलीत पाहिल्या होत्या.

तर मामी त्या जवळजवळ कोऱ्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या आणि हात दाखवून सांगू लागल्या. "इथे ती रडणारी बाई, तोंडावर पदर घेतलेली. शेजारी तिची समजूत घालणारी. मग इकडे टिपऱ्यांचा नाच, मधे एक नाचणारा आणि भोवती बायका. त्याच्या पुढे घोडे, मग हत्ती." भिंतीवर ओलीचे डाग आणि कुठे कुठे रंगाचा मागमूस. चौकीदार, एक अलीराजपूरचं जोडपं आणि आम्ही, सगळे मामींच्या बोटाकडे बघत होतो. उरलेली बरीचशी मूळ चित्रं १९८२ मध्ये जतनासाठी भिंतीवरून काढून ग्वाल्हेरला नेली. मामांनी मधे गिलाव्याबद्दल काही सांगायला तोंड उघडलं. मामींनी नुसता हात वर केला.

उतरल्यावर भूक लागली होती. रस्त्याकडेच्या झोपडीत एक बाई पानिये करत होत्या. मक्याचं जाडसर पीठ मळून त्याचे थापे रुईच्या दोन पानांत धरायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. पान काढलं की त्याच्या शिरा थाप्यावर उमटलेल्या असतात. लेक म्हणाली, "मामाआजोबा, हा पण जीवाश्मच." मामा इतके खूश झाले की तिला स्वतःचा अर्धा पानिया दिला. वर तुरीची डाळ, भरपूर तूप, कच्चा कांदा, हिरवी मिरची. मी दोन खाल्ले आणि संध्याकाळपर्यंत पाणीच पीत होते.

गुंफा बघायच्या तर सकाळी लवकर जा, दुपारी शाळांच्या सहली येतात. टॉर्च हवा, आत खरोखर अंधार आहे, पण चित्रांवर फ्लॅश मारू नका. चपला नकोत, ओल्या वालुकाश्मावर शेवाळं असतं. होळीच्या आधीच्या आठवड्यात आलात तर भगोऱ्याचे, म्हणजे आदिवासींचे जत्रेसारखे, बाजार बघायला मिळतील, पण मग मुक्कामाची खोली बरीच आधी सांगून ठेवायला हवी.

रविवार : पाडल्या, चिराखान, मनावर

सकाळी लख्ख ऊन. नदीकाठच्या कारखान्यात सगळं कापड पुन्हा बाहेर आलेलं रस्त्यावरूनच दिसलं.

बाघजवळच्या पाडल्या गावाचं नाव डिसेंबर २०२३ मध्ये देशभरच्या बातम्यांत झळकलं. इथले शेतकरी शेताच्या आणि गुरांच्या राखणीसाठी ज्या गोल दगडांना काकड भैरव म्हणून पूजत होते, नारळ वाहत होते, ती डायनासोरची अंडी निघाली. लखनौच्या बिरबल साहनी पुराजीवशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञ आले होते. आम्हाला भेटलेल्या शेतकऱ्याला मी विचारलं, आता पूजा बंद झाली का? तो म्हणाला, "क्यों बंद होगी? अंडा हो या पत्थर, रखवाली तो कर ही रहा है." आमच्याकडे यावर काही उत्तर नव्हतं. मामींनी पर्समधून दहा रुपये काढून तिथे ठेवले.

त्याच्याबरोबर बांधावरून गेलो. जमिनीवर पांढुरका, रेतीमिश्रित चुनखडी दगड उघडा पडलेला. "देखो," म्हणून त्याने काठी टेकवली. पहिल्यांदा काहीच दिसेना. मग एक वर्तुळ दिसलं, मग शेजारी दुसरं, मग एकदम पाच-सहा. अर्धं झिजलेलं अंडं म्हणजे मधून फोडलेलं कवठ मातीत रुतून बसावं, तसं. कडेला दोनेक मिलिमीटर जाडीचं काळपट कवच, आत दगड. रुंदी वीतभराहून कमी. अशी अंडी साधारण १५ ते १७ सेंटीमीटर व्यासाची असतात, टायटॅनोसॉर नावाच्या लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या प्राण्यांची. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच परिसरातल्या ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद आहे. घरटी एकमेकांना इतकी खेटून आहेत की आईला तिथे थांबायला जागाच नसणार. आजच्या मगरींप्रमाणे ती अंडी खड्ड्यात पुरत असावी, पण मगरींसारखी राखण न करता निघून जात असावी. लेकीला हे आवडलं नाही.

तोवर समुद्र ओसरून गेला होता. म्हणजे काल गुंफेत पाहिलेली नदीची वाळू, त्यावर समुद्र, समुद्र गेल्यावर ही घरट्यांची जमीन, आणि शेवटी लाव्हा. मामांनी हा क्रम दोन बोटांनी हवेत थर रचून दाखवला आणि पहिल्यांदाच तो मला न विसरण्यासारखा कळला.

बाघजवळ डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे ९० हेक्टरचं. नावावरून मोठमोठे सांगाडे उभे असतील असं वाटून जाऊ नका. उघडं रान आहे आणि जाणकार सोबत नसेल तर दगडांपलीकडे काही दिसणार नाही. कुणीतरी स्थानिक माणूस बरोबर घ्याच. बरीच अंडी लोकांच्या खाजगी शेतात आहेत, तिथे विचारल्याशिवाय शिरू नये. आणि एकही तुकडा खिशात घालू नये. उद्यानातून उचलणं तर गुन्हाच आहे. मांडूला जीवाश्मांचं संग्रहालय आहे, मुलं बरोबर असतील तर आधी ते बघून मग बाघला यावं, नजर तयार होते.

परतीचा रस्ता मुद्दाम मनावरकडून घेतला, चिराखानसाठी. भूगर्भशास्त्राच्या जुन्या कागदांत हे नाव सारखं येतं. १८५० च्या दशकात कीटिंज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथून शिंपले गोळा केले, १८६९ मध्ये ब्लॅनफर्ड या भूवैज्ञानिकाने या थरांवर लिहिलं, आणि १८८४ मध्ये प्रमथनाथ बोस यांनी ते नीट लावून दाखवले. हे बोस म्हणजे ज्यांनी पुढे मयूरभंजचं लोहखनिज शोधलं आणि ज्यांच्या त्या शोधामुळे टाटांचा पोलाद कारखाना जमशेदपूरला उभा राहिला, तेच. त्यांनी एका थराला देवला आणि चिराखान या दोन गावांचीच नावं दिली.

गावाबाहेर एका शेताचा बांध नुसता शिंपल्यांच्या दगडांचा होता. नांगराला लागतात म्हणून शेतकरी काढून कडेला रचतात. बोटाच्या पेराएवढे शिंपले एकमेकांत अडकलेले, आणि मधेच एक छोटा गोल सागरी अर्चिन, म्हणजे काट्यांचा समुद्री प्राणी, पाच पाकळ्यांची नक्षी अजून स्पष्ट. दुसऱ्या तांबूस दगडावर जाळीच जाळी. त्याला प्रवाळी चुनखडक म्हणतात, पण ती प्रवाळं नाहीत, ब्रायोझोआ नावाच्या सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहती आहेत, असं मामांनी शेतकऱ्याला हिंदीत समजावलं. तो म्हणाला, चुना चांगला होत असेल. अगदी बरोबर होतं. मामींच्या डब्यातलं अर्धं लिंबू घेऊन मामांनी बांधावरच्या दगडाची थोडी पूड खरवडली आणि त्यावर पिळलं. भिंगातून बारीक बुडबुडे दिसले. मग शेतकऱ्याची दोन पोरं, लेक आणि आमचे जावईबापू असे सगळे पाळीपाळीने लिंबू पिळत बसले. जेवणात लिंबू उरलं नाही.

मनावरला चहा घेतला, धारला थांबलो नाही, नऊच्या आत इंदूर. वाटेत मामांनी पुढच्या सहलीला गुजरातेत बालासिनोरचं डायनासोर उद्यान सुचवलं. मामी म्हणाल्या, आधी ग्वाल्हेर. मूळ चित्रं आणि नकला नीट बघून झाल्याशिवाय बाघ पूर्ण झालं असं त्या मानायला तयार नाहीत. पुढच्या महिन्यातली तिकिटं काढली आहेत, सोमवार टाळून. गुजरी महाल त्या दिवशी बंद असतो.